खानखानांचे काय परत आले?

राजाने रोषाने हिरावून घेतलेले राजाच परत देऊ शकतो, हे खरे. पण घेतलेले सगळेच परत देता येते काय? हा प्रश्न मनात आला की आम्हांस अब्दुल रहीम खानखाना आठवतात. त्यांचे हिंदी दोहे पुष्कळांच्या कानांवर असतात. चरित्र मात्र थोड्यांना ठाऊक.

अकबराचे पालक बैरामखान यांचे हे चिरंजीव. जन्म १५५६ साली लाहोरास. बैरामखानांनी बंड केले, पराभूत झाले, आणि अकबराने त्यांना क्षमा केली. पण १५६१ साली गुजरातेत पाटण येथे त्यांचा खून झाला. चार वर्षांचे पोरके पोर! अकबराने त्याला आणवून आपल्या देखरेखीखाली वाढविले.

पुढे रहीमांनी गुजरातचे बंड मोडले आणि १५८४ साली खानखाना ही थोर पदवी मिळविली. १५८९ साली बाबराचे आत्मचरित्र तुर्कीतून फार्सीत आणले. आमच्या मुलुखाशीही त्यांचा संबंध आहे बरे का. चांदबिबीने अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, लढविले, तेव्हा वेढा घालणाऱ्या मोगल सरदारांत हे होते. १६०० साली किल्ला पडला, तेव्हाही होते. पुढे बऱ्हाणपुरास राहून त्यांनी दक्षिणेची सुभेदारी केली. तलवारीचा गडी, पण हात दात्याचा. देताना नजर खाली ठेवीत, अशी त्यांची ख्याती.

आता फासे उलटले. १६१९ साली शाहनवाजखान हा कर्ता पुत्र गेला. १६२२ साली शहाजादा शहाजहानने बापाविरुद्ध बंड केले आणि सत्तरीकडे झुकलेले खानखाना त्याच्या बाजूस गेले. जहांगीर संतापला, बापाच्या वळणावर मुलगा गेला, असे त्याने म्हटले. इकडे शहाजहानलाही त्यांचा संशय आला, आणि त्याने त्यांना पहाऱ्यात टाकले. मग तहाच्या बोलण्यासाठी शपथ घालून नर्मदेकडे धाडले. तेथे खानखाना बादशाही पक्षास मिळाले. शपथ राहिली बाजूला. तरी त्या पक्षानेही विश्वास ठेवला नाही. महाबतखानाने त्यांना नजरकैदेत ठेवले. सज्जनहो, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो असा.

याच धुमाळीत दुसरा पुत्र दाराबखान बंगालमध्ये बादशाही माणसांच्या हाती सापडला. बादशहाच्या हुकमाने १६२५ साली त्याचा शिरच्छेद झाला. ते शिर झाकलेल्या थाळीत घालून, फळ म्हणून बापाकडे पाठविले, असे सांगतात. आमच्याने याहून अधिक लिहवत नाही.

त्यानंतर जहांगीराने खानखानांना दरबारी बोलाविले. वृद्ध पुरुष आला, जमिनीला कपाळ टेकले, ते लाजेने वर उचलवेना. बादशहानेच धीर दिला: जे झाले ते दैवाने झाले, त्याचा दोष ना तुमचा ना आमचा. मग लाख रुपये दिले, कनौजचा मुलूख दिला, खानखाना ही पदवीही परत मिळाली. रहीमांनी मुद्रेवर कृतज्ञतेचे फार्सी चरण कोरून घेतले म्हणतात. त्यांचा आशय असा की, जहांगीराच्या कृपेने दुसऱ्यांदा जीवन मिळाले आणि दुसऱ्यांदा खानखानापण.

आम्ही येथे थबकतो. ज्याच्या हुकमाने पोराचे शिर गेले, त्याचेच आभार! कोणी याला लाचारी म्हणेल. आम्हांस तसे म्हणवत नाही. उरल्या घरादाराचा भार ज्याच्या माथी आहे, तो म्हातारा कोणाशी भांडणार? पदवी परतली, मुलूख परतला. दाराब परतला नाही, आणि मोडलेली शपथही सांधली गेली नाही.

१६२७ साली दिल्लीत त्यांचा अंत झाला. पत्नीसाठी बांधलेल्या घुमटातच त्यांना पुरले. पुढच्या शतकात त्या घुमटाचे दगड काढून सफदरजंगाच्या कबरीस लावले. त्याची नीट डागडुजी व्हायला २०२० साल उजाडले. राजाने दिलेले असे आले आणि गेले. दोहे मात्र कोणी बक्षीस दिले नव्हते, म्हणून कोणाला काढूनही घेता आले नाहीत.