परमवीरचक्राच्या सावित्रीबाई

रणांगणावरील सर्वोच्च शौर्याचे परमवीरचक्र एका बाईने रेखाटले, याचे मला फार नवल वाटते. सावित्रीबाई खानोलकर स्वित्झर्लंडमध्ये १९१३ साली जन्मल्या. माहेरचे नाव ईव्ह. १९३२ साली विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या आपल्या झाल्या. मराठी, संस्कृत शिकल्या. दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या व त्यांचे इंद्राचे वज्र झाले, ही कथा आपण वऱ्हाडात कीर्तनातून ऐकतो. तशी चार वज्रे त्यांनी चक्रावर घातली. २६ जानेवारी १९५० ला ते सुरू झाले. पहिले मानकरी, १९४७ साली काश्मीरात धारातीर्थी पडलेले मेजर सोमनाथ शर्मा, त्यांच्याच थोरल्या मुलीचे दीर! १९५२ साली बाईंना वैधव्य आले, तरी सैनिकांच्या कुटुंबांसाठी त्या झटल्या. १९९० साली त्या निवर्तल्या. ते चक्र पाहिले की मला रणात पडलेल्या वीरासोबत घरी मागे राहिलेली बाईही आठवते.