जोसेफ स्मिथ

जोसेफ स्मिथ (२३ डिसेंबर, १८०५: शॅरन, व्हरमाँट – २७ जून, १८४४: कार्थेज, इलिनॉय) हे अमेरिकन धर्मगुरू आणि मॉर्मन पंथाचे संस्थापक होते. ईश्वर आजही संदेष्ट्यामार्फत माणसाशी बोलतो, ही त्यांची मुख्य शिकवण होती. तिच्यामुळे त्यांना हजारो अनुयायी मिळाले आणि तिच्यातूनच अनेक संघर्षही उद्भवले.

पूर्वायुष्य

स्मिथ यांचा जन्म शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे शालेय शिक्षण जेमतेम होते. ते लहान असताना कुटुंब न्यू यॉर्क राज्यातील पालमायरा येथे आले. त्या भागात तेव्हा धार्मिक पुनरुज्जीवनाची लाट होती व निरनिराळे प्रोटेस्टंट पंथ अनुयायी मिळवण्यासाठी झटत होते. यांपैकी खरा पंथ कोणता, या विवंचनेत असताना १८२० मध्ये परमपिता व येशू ख्रिस्त यांनी आपल्याला दर्शन दिले, असे स्मिथ यांनी पुढे सांगितले.

बुक ऑफ मॉर्मन

स्मिथ यांच्या कथनानुसार १८२३ मध्ये मोरोनाय नावाच्या देवदूताने त्यांना जवळच्या टेकडीत पुरलेल्या सुवर्णपत्रांची माहिती दिली. ती पत्रे १८२७ मध्ये त्यांच्या हाती आली व अनुवादानंतर देवदूताने परत नेली. पत्रे पाहिल्याची ग्वाही ११ जणांनी दिली. हा अनुवाद मार्च १८३० मध्ये 'बुक ऑफ मॉर्मन' या नावाने प्रसिद्ध झाला. जेरुसलेमहून अमेरिकेत आलेल्या लोकांचा इतिहास व पुनरुत्थित येशूने त्यांना दिलेली भेट हा त्याचा विषय आहे. पंथाबाहेरील अभ्यासक या ग्रंथाला एकोणिसाव्या शतकातील रचना मानतात. ६ एप्रिल, १८३० रोजी स्मिथ यांनी चर्चची स्थापना केली.

शिकवण

पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन स्वतंत्र व्यक्ती आहेत, विवाह मृत्यूनंतरही टिकतो आणि मृतांच्या वतीने बाप्तिस्मा घेता येतो, अशी शिकवण स्मिथ यांनी दिली. १८३३ मधील आरोग्यविषयक आदेशाच्या आधारे आजही पंथीय मद्य, तंबाखू, चहा व कॉफी वर्ज्य मानतात.

स्थलांतर व मृत्यू

अनुयायी प्रथम ओहायोतील कर्टलंड व मिसूरी येथे स्थिरावले. मिसूरीत शेजाऱ्यांशी सशस्त्र संघर्ष झाला. १८३८ मध्ये गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यांनी मॉर्मनांना राज्याबाहेर घालवण्याचा किंवा नष्ट करण्याचा आदेश काढला. त्यानंतर इलिनॉयमध्ये नावू हे नगर वसवले गेले व स्मिथ तेथील महापौर झाले. तेथे त्यांनी खाजगीरीत्या बहुपत्नीत्वाचा पुरस्कार केला. जून १८४४ मध्ये काही माजी अनुयायांनी 'नावू एक्स्पॉझिटर' या वृत्तपत्रातून त्यावर टीका केली. नगर परिषदेच्या ठरावानुसार स्मिथ यांनी त्याचा छापखाना नष्ट करविला. या प्रकरणातून त्यांना कार्थेजच्या तुरुंगात जावे लागले. तेथे सशस्त्र जमावाने त्यांची व त्यांचे बंधू हायरम यांची हत्या केली. खटला चाललेले पाचही आरोपी निर्दोष सुटले.

वारसा

स्मिथ यांच्यानंतर नेतृत्वावरून पंथात फूट पडली. बहुसंख्य अनुयायी ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली पश्चिमेकडे निघाले. १८४७ मध्ये त्यांनी सध्याच्या युटामधील सॉल्ट लेक खोऱ्यात वसाहत केली. तेथील मुख्य चर्चने १८९० मध्ये नवे बहुपत्नी विवाह थांबवण्याची घोषणा केली. स्मिथ यांच्या पत्नी एमा इलिनॉयमध्येच राहिल्या. त्यांचे पुत्र तिसरे जोसेफ स्मिथ १८६० मध्ये वेगळ्या चर्चचे प्रमुख झाले.