शाहीर अमर शेख

'शाहीर' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. आपण उर्दूत ज्याला शायर म्हणतो, तोच शब्द मराठीत येऊन शाहीर झाला. मात्र घर बदलले तसे त्याचे कामही थोडे बदलले. शायर मुशायऱ्यात शमा समोर ठेवून आपला कलाम ऐकवतो. शाहीर हातात डफ घेऊन मैदानात उभा राहतो आणि हजारो माणसांसमोर पोवाडा गातो. डफ हा शब्दही अरबी-फारसीतूनच आला आहे. पेशव्यांच्या काळात रामजोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ असे मोठे शाहीर होऊन गेले. यांतील सगनभाऊ मुसलमान होते. म्हणजे मराठी शाहिरीत मुसलमान कवी असणे ही काही नवी गोष्ट नाही. याच परंपरेत विसाव्या शतकात एक मोठे नाव झाले, ते म्हणजे अमर शेख.

त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी या गावी झाला. बार्शी हे व्यापाराचे गाव. भगवंताच्या मंदिरासाठी ते प्रसिद्ध आहे. १८९७ सालापासून तेथे छोट्या रुळांची बार्शी लाईट रेल्वे धावत होती, आणि गावात कापसाच्या गिरण्याही होत्या. गावात पैसा होता, पण मेहबूबच्या घरी तो नव्हता. आई मुनेरबी कष्ट करून घर चालवीत असे. तिला लोकगीते पुष्कळ येत. गावाकडच्या बायका पहाटे जात्यावर दळताना ओव्या गातात. त्यांत देवाचे नाव असते, माहेरची आठवण असते, पावसाची वाट असते आणि गरिबीचे दुःखही असते. महाराष्ट्रातील मुसलमान बायकाही अशा ओव्या मराठीत गात आल्या आहेत. मेहबूबला गाणे मिळाले ते या आईकडून. त्यासाठी तो कोणा उस्तादाकडे गेला नाही. पुढे ते मोठे कवी झाले तेव्हाही आपल्या गाण्याचे मूळ आईच्या गळ्यात आहे हे ते विसरले नाहीत.

घरच्या गरिबीमुळे त्यांना लवकर कामाला लागावे लागले. त्यांनी लोकांच्या घरी पाणी भरले, मोटारीवर क्लीनर म्हणून काम केले, गिरणीत मजुरी केली. गिरणीत त्यांनी कामगारांचे हाल पाहिले, त्यांतले काही स्वतः भोगले. बार्शीच्या गिरणी कामगारांनी संप केला तेव्हा हा तरुण पुढे होता. त्यामुळे त्यांना तुरुंगात जावे लागले. विसापूरच्या तुरुंगात (हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे) त्यांची गाठ कम्युनिस्ट कार्यकर्ते रघुनाथ कऱ्हाडकर यांच्याशी पडली. मालक आणि मजूर, जमीनदार आणि कूळ यांच्यातला झगडा म्हणजे काय, हे त्यांना येथे कळले. भूक तर आधीपासून माहीत होतीच. ती का येते, हे तुरुंगात समजले.

सुटल्यावर काही दिवसांनी ते कोल्हापूरला गेले. त्या वेळी कोल्हापूर हे चित्रपटांचे मोठे केंद्र होते. मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत त्यांनी काम धरले. येथेच मित्रांनी त्यांना अमर शेख हे नाव दिले आणि पुढे तेच कायम राहिले. हे नाव नीट पाहा. 'अमर' संस्कृत, 'शेख' अरबी. दोन्ही शब्द एकाच माणसाच्या नावात शेजारी बसले आणि कोणाला त्यात काही वेगळे वाटले नाही.

चित्रपटात त्यांचे मन फार काळ रमले नाही. ते मुंबईला आले आणि गिरणगावातल्या कामगारांमध्ये मिसळले. परळ, लालबाग, नायगाव, वरळी या भागांत तेव्हा कापड गिरण्यांची धुराडी दिसत. कोकणातून, देशावरून, उत्तर हिंदुस्थानातून आलेले लाखो मजूर तेथील चाळींत राहत. १९४३ साली मुंबईतच 'इप्टा' ही नाटक आणि संगीत यांतून लोकांना जागे करणारी संस्था सुरू झाली होती. कैफी आझमी, अली सरदार जाफरी यांच्यासारखे तुम्हांला परिचित असलेले उर्दू शायर याच काळात मुंबईत आपले काम करीत होते. मराठीत तेच काम शाहिरांनी केले. १९४४ साली अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर या तिघांनी मिळून 'लाल बावटा कलापथक' उभे केले.

ही तीन माणसे कशी एकत्र आली, हे जाणण्यासारखे आहे. अण्णा भाऊ सांगली जिल्ह्यातील वाटेगावचे, मातंग समाजातले. शाळेत ते जवळजवळ गेलेच नव्हते. त्यांची लेखणी मात्र विलक्षण होती. गवाणकरही शाहीर होते. आणि अमर शेख यांच्याकडे होता पहाडी आवाज. हा आवाज ध्वनिक्षेपकाशिवायही मोठ्या मैदानाच्या टोकापर्यंत पोहोचत असे. अण्णा भाऊंनी लिहावे आणि अमर शेखांनी गावे, असे अनेकदा घडले. अमर शेख स्वतःही गीते रचीत होतेच.

पोवाडा कसा गातात ते थोडक्यात सांगतो, म्हणजे त्याची ताकद ध्यानात येईल. मध्यभागी शाहीर डफ घेऊन उभा असतो. त्याच्या मागे झिलकरी असतात. एकाच्या हातात तुणतुणे, दुसऱ्याच्या हातात झांज. शाहीर एक कडवे गातो, मध्येच थांबून बोलल्यासारखा गद्यात गोष्ट पुढे नेतो, पुन्हा गातो. झिलकरी त्याच्या ओळीचा शेवट उचलून धरतात. हळूहळू ऐकणारेही ती ओळ म्हणू लागतात. मग गाणे एकट्या शाहिराचे राहत नाही. १९५१ च्या जनगणनेत आपल्या देशातील साक्षर लोकांचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. म्हणजे शंभरांतील ऐंशीहून अधिक माणसांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते. अशा लोकांपर्यंत बातमी आणि विचार दोन्ही पोहोचविण्याचे साधन पोवाडाच होता. तो ऐकायला पैसे लागत नव्हते, आणि एकदा पाठ झाला की तो कोणालाही हिसकावून घेता येत नव्हता.

या पथकाने जुन्या तमाशाचे रूप घेतले आणि त्यात नवा विषय घातला. राजा-राणीच्या जागी सावकार आला, गिरणीमालक आला, काळाबाजार करणारा व्यापारी आला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्यांच्यावर अण्णा भाऊंनी पोवाडा रचला. १९४७ साली पंजाब आणि दिल्लीत दंग्यांची आग भडकली, तेव्हा त्या दंग्यांवरही पोवाडा झाला. शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारण्याच्या त्या दिवसांत एक मुसलमान शाहीर आणि एक मातंग शाहीर एकाच पथकात उभे होते.

सरकारला हे गाणे आवडले नाही, यात नवल नाही. स्वातंत्र्य मिळाल्यानंतर लवकरच कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. तेव्हाच्या मुंबई सरकारने लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. बंदी तमाशावर होती, म्हणून शाहिरांनी त्या खेळाला 'लोकनाट्य' म्हणायला सुरुवात केली! नाव बदलले, गाणे चालू राहिले. इंग्रजांच्या राज्यात ज्यांनी तुरुंग पाहिला, त्यांना स्वराज्यातही पोलिसांची नजर चुकवावी लागली. सत्ता कोणाचीही असो, भुकेल्या माणसाची बाजू मांडणारा तिला अडचणीचाच वाटतो.

अमर शेखांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा काळ मात्र पुढे आला. तो संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा. स्वातंत्र्यानंतर भाषेप्रमाणे राज्ये करावीत, अशी देशभर मागणी होती. मराठी बोलणाऱ्यांना मुंबईसह एक राज्य हवे होते. पण मुंबई महाराष्ट्राला द्यायला दिल्लीची तयारी नव्हती. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहील, अशी घोषणा झाली. ही योजना टिकली असती तर काय झाले असते, याचा आपल्या पेणकरपाड्याच्या दृष्टीने विचार करा. आपले गाव ठाणे जिल्ह्यातले, दहिसरच्या नाक्याच्या अलीकडचे. आज आपण नाका ओलांडून सहज मुंबईत जातो. कदाचित तेथेच दोन राज्यांची सरहद्द पडली असती.

या घोषणेच्या आधी आणि नंतर मुंबईत मोर्चे निघाले, हरताळ झाले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ पोलिसांनी गोळीबार केला. जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा गोळ्या चालल्या. या सगळ्या लढ्यात शंभराहून अधिक माणसांचे प्राण गेले. त्यांत बहुतेक साधी कष्टकरी माणसे होती. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे, एस. एम. जोशी, प्रबोधनकार ठाकरे असे निरनिराळ्या विचारांचे पुढारी तीत एकत्र आले. एरवी ते एकमेकांवर टीका करीत, पण या प्रश्नावर एकाच व्यासपीठावर बसले.

या सभांमध्ये भाषणांआधी शाहिरांचा डफ वाजे. अमर शेख, अण्णा भाऊ, गवाणकर, आत्माराम पाटील हे शाहीर गावोगाव फिरत. लोक लांबून चालत येत, रात्र होईपर्यंत बसून राहत. पुढाऱ्याचे भाषण ऐकून माणसाला मुद्दा कळतो. पण लाठी पडेल हे माहीत असताना मोर्चात पाऊल टाकण्यासाठी नुसता मुद्दा पुरत नाही. ते बळ या गाण्यांनी दिले. मुंबईला कामासाठी आलेला आणि गावाकडे बायकोला ठेवून आलेला मजूर हा अण्णा भाऊंच्या एका प्रसिद्ध छक्कडीचा विषय आहे. अमर शेखांच्या आवाजात ती महाराष्ट्रभर पोहोचली. वरवर पाहता ती विरहाची लावणी आहे. पण मजुराची ताटातूट आणि मराठी मुलखाची ताटातूट त्यात एक होऊन जाते. माझ्या मते त्या काळातील शेकडो भाषणांपेक्षा ही एक रचना जास्त दिवस जगली.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. मिरा रोडहून चर्चगेटला जाणारी गाडी पकडलीत आणि शेवटच्या स्थानकावरून थोडे चाललात, की हुतात्मा चौक लागतो. तेथे मशाल धरलेल्या शेतकरी आणि कामगार यांचे शिल्प आहे. शाहिरांनी ज्यांच्यासाठी गायिले, तीच ही दोन माणसे.

गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. १९५५ मध्ये सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरू लागले, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. गोवा मुक्तीसाठीही अमर शेखांनी आपला आवाज दिला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा स्वतंत्र झाला.

पुढच्याच वर्षी एक अवघड प्रसंग आला. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये चीनने भारतावर आक्रमण केले. चीन हा कम्युनिस्ट देश. भारतातील कम्युनिस्टांमध्ये या प्रश्नावर मोठा वाद झाला आणि दोन वर्षांनी पक्षच दुभंगला. अमर शेखांनी आयुष्यभर लाल झेंड्याखाली गाणे म्हटले होते. ते गप्प बसले असते, तरी चालले असते. पण ते गप्प बसले नाहीत. त्यांनी देशाच्या रक्षणासाठी गीते रचली, जागोजागी कार्यक्रम केले आणि जमलेला निधी संरक्षणासाठी दिला. १९६५ च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धातही त्यांनी असेच काम केले. सरकारविरुद्ध गाणाऱ्या माणसाचे देशावर प्रेम नसते, असे समजणाऱ्यांना यापेक्षा वेगळे उत्तर देण्याची त्यांना गरज पडली नाही.

त्यांचे लेखनही बरेच आहे. 'अमरगीत' हा त्यांच्या गीतांचा संग्रह १९५१ साली निघाला. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे कवितासंग्रह अनुक्रमे १९५८ आणि १९६३ साली प्रसिद्ध झाले. 'पहिला बळी' हे नाटक त्यांनी लिहिले. चित्रपटांतही त्यांनी अधूनमधून कामे केली. 'प्रपंच' (१९६१) या चित्रपटातील त्यांची भूमिका जुन्या लोकांच्या लक्षात आहे. खरे सांगायचे तर त्यांची गीते नुसती वाचली की काहीतरी कमी वाटते. त्यात शब्द असतात, डफ नसतो. ती गीते मैदानासाठी लिहिलेली आहेत, आणि मैदान पुस्तकात कसे मावणार? त्यांच्या काही कविता मात्र वाचतानाही तितक्याच जिवंत वाटतात. त्यांची कन्या मलिका अमर शेख यांनीही मराठीत कवयित्री म्हणून नाव मिळविले.

१९६९ हे वर्ष मराठी माणसाला फार जड गेले. १३ जून रोजी आचार्य अत्रे गेले. १८ जुलै रोजी अण्णा भाऊ साठे गेले. गरिबीत, वयाची पन्नाशीही न गाठता. अमर शेख तेव्हाही कार्यक्रमांसाठी फिरत होते. अण्णा भाऊंना जाऊन सहा आठवडे झाले होते. २९ ऑगस्ट रोजी पुणे जिल्ह्यातील इंदापूरजवळ मोटारीला अपघात झाला आणि त्यात शाहिरांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय बावन्न होते. त्यांची बार्शी तेथून काही तासांच्याच वाटेवर होती.

मुंबई विद्यापीठात आता शाहीर अमर शेख यांच्या नावाचे अध्यासन आहे. तेथे मुले-मुली लोककला शिकतात. डफ कसा धरावा, झील कशी ओढावी, येथपासून त्यांची सुरुवात होते.