संप्रेरके आणि कर्करोग यांचा माग घेणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

शिरपूर, धुळे, जळगावकडचे कर्करोगाचे अनेक रुग्ण उपचारांसाठी मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतात. स्तनात गाठ आढळलेल्या स्त्रीच्या तपासणीत ती गाठ संप्रेरकांवर, म्हणजे हार्मोन्सवर पोसली जाते का, हे आज आवर्जून पाहिले जाते. ही तपासणी रूढ होण्याच्या कितीतरी आधी याच परळमध्ये एक मराठी स्त्री उंदरांवर प्रयोग करून संप्रेरके आणि स्तनाचा कर्करोग यांचे नाते तपासत होती. तिचे नाव डॉ. कमल रणदिवे.

कमल समर्थ यांचा जन्म पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ रोजी झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी त्यांची इच्छा होती. हुजूरपागेत शिकलेल्या या मुलीने दोन्ही बाबतींत वेगळी वाट धरली. वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय तिने निवडले आणि १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी विवाह करून ती मुंबईस आली. टाटा रुग्णालयात काम करीत असताना डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळविली. त्यानंतर बाल्टिमोरला, हेला पेशींमुळे जगाला ठाऊक झालेल्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या ऊतिसंवर्धन शिकल्या. परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी शरीराबाहेर पेशी वाढविणारी, देशातील या प्रकारची पहिली प्रयोगशाळा उभारली.

उंदराच्या काही जातींत मादीला स्तनाचा कर्करोग होतो तो आईच्या दुधातून येणाऱ्या विषाणूमुळे, हे तोवर ठाऊक झाले होते. पण विषाणू एकटा पुरेसा नसतो. आनुवंशिकता आणि संप्रेरके यांची साथ मिळाली तरच गाठ धरते. रणदिवे यांचा भर या तिहेरी संबंधावर होता. माणसात विषाणूची बाजू सिद्ध झाली नाही. संप्रेरकांची मात्र भक्कम ठरली.

रजोनिवृत्तीनंतर बीजकोशांचे काम थांबले म्हणजे हा धोका टळला, असा अनेकींचा समज असतो. प्रत्यक्षात वयाबरोबर धोका वाढतो. अधिवृक्क ग्रंथींतून येणाऱ्या संप्रेरकांचे रूपांतर शरीरातील चरबी इस्ट्रोजेनमध्ये करीत राहते. म्हणूनच या वयात लठ्ठपणा घातक ठरतो. हे रूपांतर रोखणारी लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल यांसारखी औषधे रजोनिवृत्त रुग्णांना दिली जातात.

रणदिवे यांच्याविषयी लिहिताना पुरस्कारांची यादी पुढे केली जाते आणि हे मूळ काम झाकोळते. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी संशोधन केले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये अकरा सहकाऱ्यांसह त्यांनी भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन केली. निवृत्तीनंतर अकोले तालुक्यातील राजूर परिसरातील आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी त्यांनी हाती घेतली. प्रयोगशाळेत आयुष्य घालविलेल्या व्यक्तीने उतारवयात डोंगराळ भागात जाणे, हे विशेषच.

२००१ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत रजोनिवृत्त झालेल्या सुमारे १६,६०० स्त्रियांवर चाललेली एक मोठी चाचणी मुदतीपूर्वी थांबवावी लागली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन यांच्या एकत्रित गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले होते.