कै. नेव्हिल डिसोझा

गोव्यातील आसगाव येथे सन 1932 मध्ये जन्मलेले नेव्हिल डिसोझा मुंबईच्या फुटबॉल मैदानांवर नावारूपास आले. 1 डिसेंबर 1956 रोजी मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियावर त्यांनी एकट्याने तीन गोल चढविले. ऑलिम्पिकमध्ये असा पराक्रम करणारे ते पहिलेच आशियाई होत. उपांत्य सामन्यात बलाढ्य युगोस्लाव्हियावर पहिला गोलही त्यांचाच. क्षणभर का होईना, भारत पुढे होता! पुढे मात्र चार गोल स्वीकारावे लागले, नंतर बल्गेरियानेही हरविले, आणि पदक हुकले. चार गोल करून स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंक्तीस नेव्हिल बसले. क्रिकेटवीरांची नावे आमच्या दरेकशाच्या मुलांस मुखोद्गत असतात. हे नाव त्यांच्या कानी क्वचितच पडते. 1980 साली, वयाच्या अवघ्या 47 व्या वर्षी, ते प्रभूच्या ठायी विसावले.