कुरणशाळेच्या ताराबाई

परप्रांतात संसार थाटलेल्या आम्हां मराठी मंडळींना ताराबाई मोडक यांचे चरित्र विशेष जवळचे वाटावे. मुंबईत १८९२ साली प्रार्थनासमाजी केळकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. परंतु त्यांच्या कार्याचा पाया घातला गेला तो सौराष्ट्रात. वैवाहिक जीवन १९२१ साली संपुष्टात आले. पुढे राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाचे मानाचे प्रमुखपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. गुजराती त्यांनी इतकी आपलीशी केली की त्या भाषेत लेखन-संपादन केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि तेथील शिदोरी घेऊन त्या मराठी मुलखात परतल्या.

शहरात राहून नाव मिळविणे त्यांना कठीण नव्हते. तरीही पन्नाशी उलटल्यावर, १९४५ साली, त्यांनी बोर्डीसारखे खेडे जवळ केले, आणि १९५७ साली डहाणू तालुक्यातील कोसबाडची टेकडी. सोबत अनुताई वाघ होत्या. मुले वारल्यांची, त्यांची बोली निराळी, पुस्तकी मराठी त्यांना परकीच. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने तेथे कोठून आणावयाची? बिया, शंख, खडे, पाने, फुले हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा पाड्यातल्या अंगणातच वर्ग भरू लागला, ती अंगणवाडी.

मोठ्या मुलांचा प्रश्न याहून बिकट होता. ती दिवसभर गुरे राखीत. गुरे सोडून शाळेत बसली तर घरची भाकरी बुडे. मग शिक्षकच कुरणात गेले. ही कुरणशाळा आम्हांला ताराबाईंच्या प्रतिभेची खरी साक्ष वाटते. खड्यांनी मोजणी, पानांच्या आकारांची तुलना, पाखरे-किडे यांचे निरीक्षण आणि त्याच्याच जोडीने अक्षरओळख. निसर्गविज्ञानाचा तास वेगळा आणि वाचनाचा वेगळा, अशी वाटणी तेथे संभवतच नव्हती. वस्तू आधी हातात येई, तिचे नाव मागाहून फळ्यावर. घरी मराठी बोलणारी, पण देवनागरीशी अडखळणारी आमची मुले पाहिली, की हा क्रम आम्हांला वारंवार आठवतो.

१९६२ साली शासनाने त्यांना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे चालविले, ते १९९२ साली स्वतःच्या अखेरीपर्यंत.