वसईच्या विजेत्याचे दुखणे

प्रतिनिधी, वसई

वसईच्या किल्ल्यातील स्मारक चिमाजी अप्पांच्या विजयाची आठवण देते. हा सेनापती दीर्घकाळ आजारी होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

बाळाजी विश्वनाथांचे हे धाकटे पुत्र. १७३० मध्ये मुलगा सदाशिवराव जन्मला आणि थोड्याच दिवसांत पत्नी रखमाबाई निवर्तल्या. अप्पांना छातीचा जुनाट विकार होता. त्याच प्रकृतीने त्यांनी वसईला वेढा घातला. सुरुंगांनी तट उडवून मराठे आत घुसले आणि मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला सोडला. मराठ्यांचे सुमारे ५ हजार लोक या मोहिमेत ठार वा जखमी झाल्याची नोंद ग्रँट डफने केली आहे. शरण आलेल्यांना अप्पांनी सन्मानाने जाऊ दिले.

खरा घाव घरात बसला. मस्तानीला पुण्यात अडकवून ठेवण्यात अप्पा आणि नानासाहेब या दोघांचाही हात होता. तिच्या विरहाने बाजीराव खिन्न झाले. ही खिन्नता अप्पांच्याच नजरेला प्रथम आली असावी. १७४० च्या प्रारंभी त्यांनी नानासाहेबांना पत्र लिहून, भावाचे मन ताळ्यावर आणण्याचे आपले प्रयत्न व्यर्थ गेल्याचे कळविले आणि मस्तानीला त्यांच्याकडे पाठवावे, असे सुचविले. कर्तव्यकठोर माणसाने इतके नमते घ्यावे, हे विलक्षणच. पण उशीर झाला होता. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडी येथे बाजीराव वारले. अप्पा तेव्हा आंग्र्यांच्या तंट्यापायी कुलाब्याकडे होते.

शरीराचे जुने दुखणे आणि मनाचे औदासीन्य एकमेकांना पोसतात, हे वैद्यकाने आता मान्य केले आहे. चेहऱ्याच्या जुनाट वेदनांवर डॉक्टर काही वेळा अमिट्रिप्टिलिन देतात, ते मुळात नैराश्यावरचे औषध. अप्पांच्या काळी असा विचार कोण करणार? दुःख गिळून त्यांनी पुतण्याला पेशवेपदावर बसविण्यात साथ दिली आणि दप्तराचे कामही पाहिले. प्रकृती मात्र ढासळतच गेली.

भावामागे आठ महिनेही ते जगले नाहीत. १७ डिसेंबर १७४० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे तेहतिसाच्या आसपास. दुसऱ्या पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. पुढे पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ त्या दिवशी दहा वर्षांचे होते.